हट्ट म्हणण्याआधी दुखणे शोधा
(एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व येथे विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त केलेले भाषण)



आज आम्ही ज्या मुलांबद्दल बोलणार आहोत, ती या सभेत फारशी दिसत नाहीत. लोक काय म्हणतील म्हणून त्यांना घरातच ठेवलं जातं. ही सेरेब्रल पाल्सीची मुलं. गर्भात, जन्मताना किंवा जन्मल्यावर लहानपणीच मेंदूला इजा होते आणि हातापायांच्या हालचालींवर ताबा राहात नाही. हा आजार संसर्गाचा नाही आणि मागच्या जन्मीचं पाप तर मुळीच नाही. तेव्हा आईला बोल लावणं आधी बंद झालं पाहिजे.

लोकांना वाकडा पाय दिसतो, म्हणून इलाजही पायाचाच होतो. पण त्याच्यासोबत बाकीची दुखणी असतात. 2012 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र तपासले. या मुलांपैकी चारात तिघांना वेदना असतात, चारात एकाला फिट येतात, चारात एकाला बोलता येत नाही, तीनात एकाचा खुबा सरकतो आणि पाचात एकाला झोपेचा त्रास असतो. चारात एकाच्या वागण्यातही अडचणी असतात. निम्म्यांना बुद्धीची अडचण असते; म्हणजेच निम्म्यांना ती नसते. बोलता येत नाही म्हणून मूल मतिमंद, असा शिक्का मारू नका.

आम्ही गिरणी कामगार. धागा तुटला की माग थांबतो. तेव्हा मागाला लाथ मारून चालत नाही, धागा कुठे तुटला ते पाहावं लागतं. मूल चावतं, डोकं आपटतं, रात्रभर रडतं, तेव्हा घरात "हट्टी आहे, दोन द्या म्हणजे सुधारेल" असा सल्ला मिळतो. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही, ते मूल दुसरं काय करणार? आधी पाहा : पोट साफ होतं का? दात किडलाय का? लंगोट बदलताना मांडीला हात लावला की किंचाळतं का? तसं असेल तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. नजर आणि कान तपासा. जेवताना ठसका लागत असेल तर आडवं धरून भरवू नका, बसवून भरवा आणि डॉक्टरांना सांगा; अन्न श्वासनलिकेत गेलं तर छातीचा आजार होतो. हे सगळं पाहूनही वागणं बदललं नाही, तर त्यावरही उपचार आहेत. ते मागायला लाजू नका.

फिट आली की कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

मुंबईत 1972 साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. वसईहून मूल कडेवर घेऊन लोकलने तिथवर जाणं सोपं नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच शेजाऱ्याने सोबत जावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव स्पष्ट आहे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. फॉर्म भरता येत नसेल तर इथल्या शिकलेल्या पोरांनी भरून द्यावा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

आणि शेवटचं. त्या आईला आठवड्यातून दोन तास झोपू द्या. तेवढा वेळ मूल आपण सांभाळू. पुढच्या कार्यक्रमाला ही मुलं पहिल्या रांगेत बसलेली दिसली पाहिजेत.