आठवण आणि वही

मुशीचं कालवण आमच्या कोकणातल्या घरी नेहमीचं. अम्मा म्हणायची, ‘पूर्वीसारखी मोठी मुशी आता येतेय कुठे!’ मी हसायचो. म्हाताऱ्यांचं ‘पूर्वी’ मोठंच असतं, असं वाटायचं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर प्राध्यापक फ्रँक श्वार्ट्झ यांनी १९७२ साली मुशी, म्हणजे शार्क, मोजायला घेतले. एप्रिल ते नोव्हेंबर, दर दोन आठवड्यांनी, त्याच ठरलेल्या जागी गळांची लांब दोरी टाकायची. लागलेल्या शार्कची जात, लांबी लिहून ठेवायची. हा नेम पन्नास वर्षांवर गेला.

एवढी वर्षं कशाला? डस्की शार्कची मादी वयात यायलाच सुमारे २० वर्षं लागतात, पिल्लंही मोजकीच. दोन-चार वर्षांच्या आकड्यांवरून घट कळत नाही आणि सुधारणाही कळत नाही. २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाला या नोंदींचा आधार होता. मोठ्या शार्कांच्या अनेक जाती सत्तरच्या दशकापासून फार घटल्याचं त्यात दिसलं.

अम्माकडे वही नव्हती, म्हणून मी हसू शकलो. आता बाजारातून अख्खी मुशी आली की वितीनं मोजतो, तारखेसह लिहितो. कवितांच्याच वहीत, मागच्या पानावर.