नवा चिटणीस

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मला सांगण्यात आलं, "तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा पुढच्या काळातल्या नोकऱ्यांवर बोल." सगळ्या नोकऱ्यांवर बोलण्याइतकी माझी अक्कल नाही. मी एकाच नोकरीवर बोलणार आहे, ती म्हणजे मोठ्या साहेबांच्या खासगी मदतनिसाची. कृत्रिम बुद्धिमत्ता ही नोकरी सगळ्यात आधी खाणार, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. का, ते सांगायला आधी माझ्या आत्याकडे जावं लागेल.

आपल्या शेजारची रिफायनरी १९५५ साली सुरू झाली, तेव्हा ती बर्मा शेलची होती. त्याच वर्षी गोदरेजचा भारतीय बनावटीचा टाइपरायटर आला. माझी आत्या त्या दोन्हींच्या मधली. माहुल गावातून बसनं चेंबूर स्टेशन, तिथून हार्बर लाइननं व्हीटी आणि पुढे चालत बॅलार्ड इस्टेट. एका कंपनीत ती साहेबांची स्टेनो होती. पिटमनच्या लघुलिपीत बारीक रेघ म्हणजे 'प' आणि तीच रेघ जाड काढली की 'ब', हे तिनंच मला शिकवलं. वेगात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कागदावर पकडायचं, तर हात असा बसलेला लागतो.

पण तिचं खरं काम हाताचं नव्हतंच. साहेब कधी संध्याकाळी संतापून एखादं पत्र सांगायचे. आत्या ते नीट टाइप करायची, सहीसुद्धा घ्यायची आणि टेबलाच्या खणात ठेवायची. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारायची, "साहेब, कालचं पत्र पाठवायचं ना?" बऱ्याचदा उत्तर यायचं, "फाडून टाका."

दुसरी गोष्ट तिच्या वह्यांची. भरलेल्या वह्या ती साहेबांना विचारून घरी आणायची आणि मार्चनंतर एका रविवारी बंबात घालायची. मी लहानपणी विचारलं होतं, "आत्या, यात काय लिहिलंय गं?" ती म्हणाली, "जे होतं ते टाइप झालं. आता पाणी तापलं की आंघोळीला जा."

हा धंदा जुना आहे. चिटणीस या शब्दातला 'नवीस' म्हणजे लिहिणारा. इंग्रजीतल्या 'सेक्रेटरी'च्या मुळाशी गुपित आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका आपण शाळेत ऐकली आहे. पत्र लिहायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावरून ते घडाघडा वाचून दाखवलं. आख्यायिका असो, पण तिला काय सांगायचंय ते कळतं. चांगला चिटणीस धन्याच्या मनातलं ओळखतो.

त्याच बाळाजींना १६८१ साली कटात सामील असल्याच्या संशयावरून संभाजी महाराजांनी देहदंड दिला. पुढे त्यांच्याच मुलाला, खंडो बल्लाळांना, चिटणिशी मिळाली आणि त्यांनी ती निष्ठेनं केली. इतकं जवळचं स्थान म्हणजे काय जोखीम असते, ते या एका घराण्यात दिसतं. ज्याला सगळं ठाऊक, त्याच्यावरच पहिला संशय.

आता माझ्याबद्दल. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं एका कंपनीच्या वरिष्ठांसाठी असा मदतनीस सॉफ्टवेअरमध्ये बनवला. कंपनीचं नाव सांगत नाही. तो मेल वाचायचा, वेळा ठरवायचा, उत्तरांचे मसुदे लिहायचा. चाचणीच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं की तो कॅलेंडरमधल्या खासगी नोंदीही वाचतोय. पण तारीख जवळ आली होती. "पुढच्या आवृत्तीत बघू," असं मीटिंगमध्ये ठरलं आणि मी गप्प बसले.

एके दिवशी कुणीतरी सहज विचारलं, "साहेब गुरुवारी मीटिंगला का नाहीत?" मदतनिसानं दोन सेकंदांत, अतिशय नम्रपणे उत्तर दिलं. त्या उत्तरात हॉस्पिटलचं नाव होतं आणि उपचाराचंही. त्या साहेबांनी तोवर ते आपल्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ते आमच्यावर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "हे आता परत घेता येईल का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. यंत्रानं चूक केली असं मी म्हणू शकत नाही. ते विचारल्याप्रमाणे वागलं. गप्प बसायला नको होतं तिथे मी गप्प बसले आणि यंत्राला कुठे गप्प बसायचं ते शिकवलं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टींसाठी भांडले. एक, खण. रागाच्या भरात लिहिलेला मेल सकाळपर्यंत थांबेल आणि पाठवण्याआधी पुन्हा विचारलं जाईल. दोन, बंब. ठरावीक मुदतीनंतर मदतनीस ऐकलेलं विसरेल. खण लगेच मान्य झाला. बंबाला विरोध झाला, "सगळं पुसलं तर तो शिकणार कसा?" प्रश्न खोटा नव्हता. शेवटी निम्मं मान्य झालं, प्रकृती आणि कुटुंब यांविषयीचं पुसायचं, बाकीचं ठेवायचं. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यातही आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. पण हक्क मागावा लागतो. आत्या न मागता वह्या जाळायची.

म्हणून मला वाटतं, वीसेक वर्षांनी मोठ्या माणसांजवळ यंत्र असेलच, पण यंत्राच्या आणि त्यांच्या मध्ये एक माणूसही असेल. मी त्याला मनात नवा चिटणीस म्हणते. पत्र यंत्र लिहील, कोणतं पाठवायचं नाही ते हा ठरवेल. यंत्र साहेबांना आवडेल ते सांगेल, हा न आवडणारं सांगेल. आणि काय विसरायचं, याची जबाबदारी याच्यावर असेल.

मुलींनो, एक सावधगिरीचं बोलते. जवळिकीच्या नोकरीत कुठे थांबायचं ते आधीच ठरवावं लागतं. साहेबांची औषधं लक्षात ठेवणं, बायकोसाठी साडी आणणं, रात्री अकराचा फोन, यातलं काम कुठे संपतं? आत्याच्या वेळी विचारायला कुणी नव्हतं. विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ साली आली, कायदा २०१३ साली. तुमच्या हातात तो कायदा आहे. यंत्र चोवीस तास जागं राहतं म्हणून माणसानंही राहावं, ही अपेक्षा आली की "नाही" म्हणायला शिका. साहेबांना "नाही" म्हणता येणं हा या नोकरीतला सगळ्यात मोठा गुण आहे.

गोदरेजनं टाइपरायटर बनवणं २००९ साली थांबवलं. रिफायनरी अजून आहे, नाव तेवढं बदललं. आत्याही आहे, आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. भाषणात तिचं सांगू का, म्हणून मी काल विचारलं. म्हणाली, "माझं सांग. पत्राचंही सांग. पण ते कुणाला लिहिलेलं होतं, ते सांगू नकोस."

मी म्हटलं, "अगं, ते तू मला तरी कुठे सांगितलंयस? कुणाला होतं?"

ती म्हणाली, "चहा टाकतेस का जरा?"