पट्टी आठ इंचांचीच का?



आयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘तंत्रज्ञान आणि तरुण’. तो मी मागून बदलून घेतला. दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस लोकर आणि क्रोशाच्या सुईवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आलंय, ते दिसतंय मला. हसा, पण ऐका.

आम्ही काही जण पावसाळा सरत आला की पट्ट्या विणायला घेतो. एक पट्टी ८ इंच रुंद, ६० इंच लांब. अशा पाच पट्ट्या जोडल्या की लहान मुलाला पुरेल किंवा खुर्चीत बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर येईल एवढं पांघरूण होतं. पट्ट्या रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या असतात आणि त्याला कारण सौंदर्य नव्हे. प्रत्येकाच्या घरी स्वेटर-टोप्यांतून उरलेले अर्धे-पाव गुंडे पडून असतात. ओळ संपली की रंग बदलायचा, त्यामुळे पाव गुंडाही कामी येतो. रंग कुठले घ्यायचे ते ज्याचं त्यानं ठरवावं. रुंदी मात्र ठरलेली.

या रुंदीपाशीच सगळं अडतं. एकाच लोकरीचे, एकाच सुईचे तीस खांब दोघांनी विणले तर एकाचे सात इंच भरतात, दुसऱ्याचे नऊ. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. म्हणून आम्ही टाके किती घालायचे हे सांगत नाही. आधी हातभर नमुना विणा, मोजपट्टी लावा, कमी भरला तर जाड सुई घ्या, जास्त भरला तर बारीक. आमच्या धंद्यातही असंच असतं. दोन गटांनी आपापलं काम कसंही करावं, जिथे ते एकमेकांना जोडायचं आहे तिथलं माप पाळावं. एवढं बोललो, म्हणजे आयोजकांचा विषयही झाला.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे रंग बदलताना लोंबणारी टोकं आत ओवणं. ती नुसती गाठ मारून कापली तर दोन-चार धुण्यांत पांघरूण उसवायला लागतं. पट्टी आली की मी आधी उलटी करून टोकं बघतो. माणसाने काम कुणासाठी केलंय ते तिथे कळतं.

आणखी एक गोष्ट, ही जिवावरची आहे. दुकानात आपण ‘लोकर’ म्हणून घेतो ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. स्वस्त, धुवायला सोपी, लवकर वाळणारी. पण आग लागली की ती वितळते आणि कातडीला चिकटते. मेंढीची खरी लोकर सहज पेट घेत नाही, पण ती महाग आणि गरम पाण्यात आटते. म्हणून आमची पांघरुणं फुटपाथवर शेकोटीशेजारी झोपणाऱ्यांना आम्ही देत नाही. ती वृद्धाश्रमात, मुलांच्या वसतिगृहात जातात, तेही तिथे आधी विचारून. तान्ह्या बाळांसाठी जाळीदार वीण नको, बोटं अडकतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न. बाजारात दोन-तीनशे रुपयांत ब्लँकेट मिळतं, मग चाळीस तास कशाला घालवायचे? हिशेब बरोबर आहे. पूर आला, कुणाचं घर जळलं, तर सुई बाजूला ठेवा आणि ब्लँकेटं विकत घेऊन रात्रीच्या आत पोचवा. विणकामाचा उपयोग वेगळा आहे. पाच पट्ट्यांसाठी पाच माणसं लागतात आणि जोडायला त्यांना एका सतरंजीवर बसावं लागतं. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ ला ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या महिलांच्या गटाने असेच तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं, गिनीजमध्ये नोंद झाली, आणि नंतर ते गरजूंना वाटलं. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांच्या सार्वजनिक कार्याच्या ६७ वर्षांसाठी ६७ पांघरुणं करायचं ठरलं आणि त्याची चळवळच झाली. तिथल्या तुरुंगांतले पुरुष कैदीही क्रोशे शिकले. हे मी मुद्दाम मागच्या रांगेतल्या भावांना सांगतोय.

पण माझा खरा मुद्दा हा नाही. गेल्या वर्षी आमच्यात एकाने सुचवलं, मोहल्ल्यातल्या टोप्या विणणाऱ्या बायकांना पट्ट्या देऊ या. त्यांचा हात बसलेला आहे, घरीच तर असतात, सवाबही मिळेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विरोध केला, आणि आजही करीन.

‘घरीच तर असतात’ हे वाक्य फार जुनं आहे. आंध्रातल्या नरसापूरला क्रोशाची लेस विणणाऱ्या हजारो बायकांवर मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक लिहिलं. त्या बायका परदेशी जाणारा माल विणत होत्या, पण त्यांना कामगार म्हणत नव्हते. गृहिणी फावल्या वेळात करतात, असं म्हणायचे, म्हणून मजुरीही फावल्या वेळाची. आपल्याकडे नगावर टोपी विणणाऱ्या खालांचं काय वेगळं आहे? जुमाला डोक्यावर घालतो ती जाळीची टोपी कुणी विणली आणि तिच्या हातात किती पडले, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? ज्यांचं पोट त्या सुईवर आहे, त्यांच्याकडून फुकट पट्टी मागणं म्हणजे त्यांची मजुरी कापून आपण सवाब कमावणं. कुणा खालांनी आपणहून दिली तर ती त्यांची खुशी. मागायला जायचं नाही. त्यांनी आम्हाला विणायला शिकवलं, त्या तासांचे आम्ही पैसे दिले. घेताना त्या संकोचल्या. तरी दिले.

दुसरा वाद झाला तो पांघरुणं कुणाला द्यायची यावर. आपल्या लोकांचीच हलाखी एवढी, मग आधी आपले, असं एका आपांचं म्हणणं होतं. त्यांचं दुःख खोटं नाही. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत, सदक्याला तशी अट नाही. शेवटी यादी वृद्धाश्रमाने दिली आणि आम्ही नावं वाचली नाहीत. त्या आपांनी त्यानंतरही तीन पट्ट्या विणून आणल्या, टोकं अगदी नीट ओवलेल्या. मात्र त्यांचं मत बदललेलं नाही. वाटपाचे फोटो काढायचे नाहीत, यावर तेवढं आमचं एकमत झालं.

बाहेर टेबलावर साडेचार नंबरच्या सुया, मोजपट्ट्या आणि गुंडे ठेवलेत. कमावणाऱ्यांनी गुंड्याचे पैसे डब्यात टाकावेत, विद्यार्थ्यांनी तसेच न्यावेत. आठ इंच. नमुना विणल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि गडद लाल रंग आधी भिजवून बघा, जातो.