नित्याची दया
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं गत वर्षांचा हिशेब मांडण्याची वहिवाट आहे. मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, हें सर्व धर्मग्रामाच्या दप्तरांत लिहिलेलें असतें. परंतु ज्या गोष्टींमुळें एवढीं वर्षें माणसें एकमेकांना धरून राहिलीं, त्यांची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. बाळंतिणीच्या घरीं न सांगतां पोहोंचलेला गरम वरणभात, परगांवच्या मुलाची गुपचूप भरलेली फी, मयताच्या घरीं रात्रभर मुकाट्यानें बसून राहिलेला शेजारी, यांना पावती नसते व साक्षीदारहि नसतो. अशा न लिहिलेल्या गोष्टींविषयीं, म्हणजे नित्याच्या दयेविषयीं, आज आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. ही दया दुसऱ्यांवर करावी हें आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. ती स्वतःवरहि करावी लागते, आणि न केल्यास दुसऱ्यांवरची दयाहि हळूहळू आटते, हें मात्र आम्हांस फार उशिरां कळलें. तेंच आपणांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आपलें हें शहर पूर्वीं खडकी होतें, मग औरंगाबाद झालें, आतां छत्रपती संभाजीनगर झालें. नांवें बदललीं, परंतु तहान तीच राहिली. मलिक अंबर यानें १६१० च्या सुमारास येथें राजधानी वसविली तेव्हां त्याला मोठी चिंता पडली ती पाण्याची. भोंवतालच्या डोंगरांत मुरलेलें पाणी त्यानें जमिनीखालील नहरींतून गांवांत आणलें. पुढें खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ, अशाच एका नहरीच्या बळावर चालणारी पाणचक्की उभी राहिली. आपणांपैकीं बहुतेकांनीं ती पाहिली असेल. दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून येई, भिंतींतून उंच चढे आणि वरून हौदांत कोसळे. त्या जोरावर जातें फिरे, आणि त्या पिठाची भाकर यात्रेकरू, फकीर व निराश्रित यांच्या मुखीं पडे. आलेल्या माणसाला तूं कोण, कोठला, असें जातें विचारीत नसे. पाणी येत होतें, म्हणून पीठ पडत होतें, एवढीच ती साधी गोष्ट.

शहराच्या दक्षिणेस गोदावरीच्या कांठीं पैठण आहे. १५९९ सालीं देह ठेवलेल्या एकनाथमहाराजांची एक आख्यायिका आपल्याकडील प्रत्येक आजी नातवाला सांगत आली आहे. काशीहून कावडीनें आणलेलें गंगाजल रामेश्वरास अर्पण करावयाचें म्हणून नाथ निघाले होते. वाटेंत एक गाढव तहानेनें तडफडत पडलें होतें. नाथांनीं कावड उतरविली आणि तें जल त्या मुक्या जनावराच्या मुखीं घातलें. बरोबरचे लोक हळहळले. नाथांना मात्र आपलें अर्पण तेथेंच पोहोंचलें असें वाटलें. गोदावरीच्या तापलेल्या वाळूंत चुकलेलें एक मूल, ज्याला शिवणें त्या काळीं निषिद्ध मानीत, तें नाथांनीं कडेवर उचलून त्याच्या घरीं पोहोंचविलें, अशीहि एक कथा आहे. या दोन्ही कथांत द्रव्य खर्च झालें नाहीं. फक्त चालतां चालतां थांबण्याची तयारी लागली. १९७६ सालीं पुरा झालेल्या जायकवाडी धरणाचा जो जलाशय आज आपल्या शहराला पाणी पुरवितो, त्याचें नांव नाथसागर आहे, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

आतां आपण म्हणाल, हें सर्व ठाऊक आहे. नवें काय तें सांगा. नवें कांहीं नाहीं. परंतु आमच्या स्वतःच्या घरांत घडलेली एक गोष्ट आहे. ती सांगावयास संकोच वाटतो, तरीहि सांगतों. कारण ज्यानें स्वतः चूक केली नाहीं त्यानें दयेवर बोलूं नये, असें आमचें मत झालें आहे.

आमची आई शेवटचीं दोन वर्षें अंथरुणास खिळून होती. तिला आपल्या हातानें पाणीहि घेतां येत नसे. दिवसां नोकरी, नळाला पाणी येण्याचा वार सांभाळून भांडीं भरणें, आणि रात्रीं आईची उठबस, असा आमचा क्रम होता. एका मे महिन्याच्या रात्रीं तिनें तिसऱ्यांदा पाणी मागितलें. आम्ही उठलों, पेला भरला, आणि तो तिच्या ओंठांशीं धरतांना म्हणालों, "आई, तुझ्या पाण्यापायीं घरांत कोणाला झोप नाहीं." आई दोन घोट प्याली आणि कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या रात्रीं तिनें हांक मारली नाहीं. आम्हांस सकाळपर्यंत गाढ झोप लागली. उठून पाहतों तों उशाशीं ठेवलेला तांब्या तसाच भरलेला, आणि आईचे ओंठ सुकून गेलेले.

बंधुभगिनींनो, तो भरलेला तांब्या आमच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीं.

पश्चात्ताप झाला हें सांगावयास नको. परंतु त्या पश्चात्तापाचें आम्हीं काय केलें तें ऐका. आम्हीं स्वतःला शिक्षा देण्याचें ठरविलें. शेजाऱ्यांनीं मदत देऊं केली ती नाकारली. रात्र रात्र खुर्चीवर बसून राहिलों. एक वेळचें जेवण सोडलें. मनांत सारखा एकच घोष, कीं तूं नालायक मुलगा आहेस. आम्हांस वाटलें, हीच खरी भक्ति, हेंच खरें प्रायश्चित्त. पंधरवड्यांत त्याचें फळ दिसूं लागलें. आमची जीभ अधिकच तीक्ष्ण झाली. मुलांवर ओरडलों, दूधवाल्याशीं भांडलों, नळावर एका हंड्यावरून शेजाऱ्याशीं तंटा केला. आई हें सर्व पाहत होती. तिच्यामुळें हें घडतें आहे असें तिला वाटूं लागलें, आणि ती आणखी गप्प झाली. आम्ही जो राग स्वतःवर काढीत होतों, त्याचें ओझें तिच्याच छातीवर पडत होतें. आणि रात्रीं पाणी मागणें तिनें बंदच केलें होतें. आम्ही विचारूं तेव्हां ती मान हालवून नको म्हणे.

एका संध्याकाळीं शेजारच्या वृद्ध खाला आमच्या दारांत उभ्या राहिल्या. त्यांनीं आमच्या तोंडाकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "बेटा, आज रात को मैं बैठती, तू सो जा." आम्ही नको म्हणालों. त्या हटल्या नाहींत. आईच्या उशाशीं जाऊन बसल्या. आम्हांस खरोखर लाज वाटली. मदत देणें सोपें असतें. घेणें कठीण असतें, कारण घेतांना आपण अपुरे आहों हें कबूल करावें लागतें. त्या रात्रीं आम्ही झोपलों. सकाळीं खालांनीं हंसत सांगितलें, "अम्मांनीं चार वेळां पाणी मागितलें!" तें ऐकून आमचे डोळे भरून आले. चार वेळां! आमच्याजवळ एकदांहि न मागणाऱ्या आईनें परक्या घरच्या बाईजवळ चार वेळां पाणी मागितलें होतें, कारण तिथें शिक्षेची छाया नव्हती.

त्या दिवशीं आईचे पाय दाबतां दाबतां आम्हीं तिची क्षमा मागितली. त्या रात्रीचें वाक्य स्वतःच्या तोंडानें पुन्हां उच्चारलें आणि तें चुकलें असें म्हटलें. आईनें क्षमेचा शब्द उच्चारला नाहीं. तिनें विचारलें, "जेवलास का रे?" आणि त्या रात्रीं पुन्हां हांक मारली. जगांत आम्हांस याहून गोड हांक कोणी मारलेली नाहीं.

कित्येक वर्षांनीं संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा ग्रंथ आमच्या वाचनांत आला. १५६७ सालीं सॅव्हॉय प्रांतांत जन्मलेले हे संत १६०२ पासून १६२२ सालीं मृत्यु येईपर्यंत जिनिव्हाचे बिशप होते. परंतु जिनिव्हा शहरांत त्यांना राहतां येत नसल्यामुळें ते ॲनसी येथें राहत. पुढें १८३८ सालीं ॲनसी येथेंच त्यांच्या नांवाचा मिशनरी संघ स्थापन झाला आणि त्या संघाचे धर्मगुरु मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत पायपीट करीत आले. म्हणून हे संत आपणांस परके नाहींत. स्वभावानें ते तापट होते व सौम्यता त्यांनीं कष्टानें मिळविली, असें सांगतात. भक्तिमय जीवनावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १६०९ सालीं निघाला. मठांत राहणाऱ्यांपुरता तो लिहिलेला नाहीं; संसारांत राहणाऱ्यांना भक्तीचा मार्ग दाखवावा हा त्याचा हेतु आहे. त्याच्या तिसऱ्या भागांत स्वतःविषयीं सौम्य असण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आशय असा, कीं आपला दोष दिसतांच आपल्या हृदयाला चिडून फटके मारूं नयेत. बाप चुकलेल्या लेंकराला जसा शांतपणें समजावतो, तसें त्याला समजावून पुन्हां वाटेवर आणावें. तें वाचतांना आम्हांस खालांचा आवाज ऐकूं आला. बिशपांनीं ग्रंथांत लिहिलेलें तत्त्व एका निरक्षर वृद्धेनें आमच्या उंबऱ्यांत उभें राहून सांगितलें होतें.

येथें कोणी विचारील, मग स्वतःचे लाड करावे काय? नव्हे. स्वतःवर दया म्हणजे स्वतःची गय नव्हे. गय करणारा म्हणतो, माझें चुकलेंच नाहीं, मी थकलों होतों. शिक्षा करणारा म्हणतो, माझें चुकलें, आतां मी कशालाहि लायक नाहीं. दोघेहि स्वतःच्याच भोंवतीं फिरत राहतात, आणि तहानलेला माणूस तसाच पडून राहतो. स्वतःवर दया करणारा म्हणतो, माझें चुकलें, मी आधीं क्षमा मागतों, मग तांब्या भरतों, आणि आज रात्रीं झोप घेतों, म्हणजे उद्यां पुन्हां चुकणार नाहीं. प्रभूनें शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा देतांना स्वतःवरील प्रीतीचेंच माप आपल्या हातीं दिलें आहे. तें मापच फुटकें असेल, तर शेजाऱ्याच्या पदरांत काय पडणार?

पुन्हां एकदां नहरीकडे वळूं. ज्यांनीं त्या बांधल्या ते शहाणे होते. पाणी वाहण्यापुरता मार्ग करून ते थांबले नाहींत. कोंडलेली हवा निसटावी म्हणून त्यांनीं वाटेवर उंच बंब उभारले, आणि उतरून गाळ काढतां यावा म्हणून ठिकठिकाणीं तोंडें ठेवलीं. पुढें जेथें ही निगा सुटली, गाळ सांचला, झाडांचीं मुळें शिरलीं, वर घरें उठलीं, तेथें पाण्याची वाट बुजली. आपल्यांतील दयेचेंहि असेंच आहे. झरा आपला नव्हे. तो देवाचा आहे व तो आटत नाहीं. आपल्याकडे फक्त वाट मोकळी ठेवण्याचें काम आहे. वेळेवरची झोप, मित्राजवळ मोकळें केलेलें मन, पापनिवेदनानंतर खरोखर खालीं ठेवलेलें ओझें, हे आपले बंब आहेत.

शेवटीं धर्मग्रामाच्या मंडळींस आमची एक विनंति आहे. महोत्सवाची आठवण म्हणून आपण कांहींतरी उभारूं म्हणतां, अवश्य उभारा. त्याबरोबर एक वही करा. धर्मग्रामांत व आसपासच्या गल्ल्यांत ज्या घरीं कोणी अंथरुणास खिळलेलें आहे, त्या घरांचीं नांवें तींत लिहा. मग तें घर कोणत्याहि धर्माचें असो. महिन्यांतून एक रात्र आपणांपैकीं कोणी तेथें जाऊन बसावें, म्हणजे सेवा करणाऱ्या मुलीला, सुनेला, मुलाला एक रात्र झोप मिळेल. आजाऱ्याची चौकशी सर्वजण करतात, उशाशीं बसणाऱ्याला "तुम्ही जेवलांत का?" असें विचारणारे थोडे असतात. आणि ज्यांच्या घरीं असा कोणी येईल त्यांनीं त्याला नको म्हणूं नये. वहींत घरांचीं नांवें असावींत. बसावयास जाणाऱ्यांचीं नसावींत.

आई जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. तो तांब्या आमच्या घरीं अजून आहे. उन्हाळ्यांत तो आम्ही भरून ओसरीवर ठेवतों, आणि येणाराजाणारा त्यांतून पितो. संध्याकाळीं तो रिकामा दिसला कीं आम्हांस बरें वाटतें.

प्रभु आपल्या धर्मग्रामास पुढील पन्नास वर्षें अशाच रिकाम्या तांब्यांचें वैभव देवो, आणि ते पुन्हां भरण्याचें बळहि देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.