मोटारसायकल आणि कुंभार्लीचा घाट

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही तीस वर्षे मोटारसायकल चालवता. वर्गाला चार शब्द सांगा." मी म्हटले, गुरुजी, मी दूध घालणारा माणूस. मला भाषण येत नाही, गाडी येते. म्हणून आज गाडीच घेऊन आलो आहे. ती पाहा, पारापाशी उभी केली आहे. बोलून झाले की आपण सगळे तिच्याजवळ जाऊ.

बायांनो, तुम्ही मागे का सरकता? तुम्ही म्हणाल, गाडी बाप्ये चालवतात, आम्हाला काय त्याचे? आता तसे राहिले नाही. आपल्याच गावात किती लेकीसुना स्कूटी चालवतात. आणि जी मागे बसते तिचाही जीव गाडीवरच असतो. मी आज जी गोष्ट सांगणार आहे, त्यात गाडीचे दुखणे मला कळले नव्हते. मागे बसलेल्या कारभारणीला कळले होते.

गोष्ट मे महिन्यातली. माझी थोरली लेक चिपळूणकडे दिली आहे. तिच्या घरी बारसे होते. आम्ही पाटणच्या बाजूने तीन गाड्या निघालो. एका गाडीवर मी आणि कारभारीण. दुसरीवर माझा पुतण्या. तो कऱ्हाडला कॉलेजात आहे. तिसरीवर आमचे तात्या. तात्यांचे वय सत्तरीला टेकले, पण गाडी सुटत नाही. माझ्या गाडीवर आम्ही दोघे, शिवाय दहा किलोची गुळाची ढेप आणि अर्धे पोते शेंगा. लेकीकडे रिकाम्या हाताने कसे जायचे?

कोयनानगरची वाट ठीक गेली. हेळवाक मागे पडले. मग कुंभार्लीचा घाट लागला. घाटमाथ्यावरून खाली पोफळीपर्यंत सारा उतार. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. वळणामागे वळण.

माथ्यावर मी काय केले? गाडी न्यूट्रल केली आणि चावी फिरवून इंजिन बंद केले. पेट्रोल शंभरी ओलांडून बसले आहे. उताराला गाडी आपोआप पळते, मग पेट्रोल कशाला जाळायचे? असा माझा हिशेब. तुमच्यातले कितीजण असे करतात? हात वर करा. बघा, निम्मे हात वर आले. लाजू नका. मीही तीस वर्षे तेच केले.

गाडी पळू लागली. मी मागचा ब्रेक पायाने दाबून धरला. सोडला तर वेग वाढे, म्हणून सोडलाच नाही. पाचसहा वळणे अशी गेली. तेवढ्यात मागून कारभारीण म्हणाली, "अवं, कायतरी जळल्यागत वास येतुया."

मी म्हटले, "फुडच्या ट्रकचा आसंल."

ती म्हणाली, "ट्रक कुठाय फुडं?"

खरेच, पुढे ट्रक नव्हता. पण मी गप्प बसलो. आपण गाडीवाले! बायकोचे ऐकून घाटात कशाला थांबायचे? पुढच्या वळणाला मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, पण गाडी थांबेना. पुन्हा दाबला. ब्रेक नुसता खाली जात होता. माझ्या पोटात गोळा आला. समोर वळण, वळणापलीकडे दरी, आणि माझ्या पाठीला धरून बसलेली बाई.

पुढचा ब्रेक मी कधी धरत नसे. पुढचा ब्रेक धरला की माणूस तोंडावर पडतो, असे लहानपणी ऐकले होते. पण त्या वेळी हात आपोआप गेला. हळूहळू धरला. दुसऱ्या हाताने क्लच ओढला आणि पायाने गिअर टाकला. दुसरा पडला की तिसरा, ते आजही सांगता येणार नाही. क्लच सोडताच इंजिन गुरगुरले. गाडीची शेपटी हलली आणि वेग एकदम मोडला. मी डोंगराच्या बाजूला घेऊन गटारापाशी गाडी टेकवली. कारभारीण खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

मागच्या चाकाच्या मधोमध लोखंडी डबा असतो ना, त्याला ड्रम म्हणतात. तो इतका तापला होता की जवळ हात नेववत नव्हता. मी पाण्याची बाटली काढली आणि ड्रमवर ओतायला निघालो. तेवढ्यात खालून वर येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर ओरडला, "ओ पावनं, पाणी नका टाकू! तापल्या ड्रमला चीर पडंल. आपलं आपण निवू द्या." मग तो खाली उतरला. त्याने मला विचारले, "न्यूट्रल करून आला काय?" मी मान हलवली. तो म्हणाला, "ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरायचं." एवढे सांगून तो गेला. त्याचे नावही विचारायचे राहिले.

हे कसे घडले ते सांगतो. तुम्ही सगळ्यांनी बैलगाडी पाहिली आहे. उताराला बैल काय करतात? गाडी अंगावर घेतात. मागे रेटून तिला आवरतात. गिअरमध्ये असलेले इंजिन म्हणजे उताराला गाडी आवरणारा बैल. मी न्यूट्रल केले, म्हणजे भर उतारावर बैल सोडून दिले. मग सगळे ओझे एकट्या ब्रेकवर आले. आता तुमचे दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात घासा. घासा, घासा. गरम लागले ना? ड्रमच्या आत ब्रेकचे लायनर असेच घासतात. थोडा वेळ घासले तर काही नाही. पण दोन माणसे, गूळ, शेंगा आणि अखंड उतार! लायनर फार तापले की त्यांची पकड जाते. ब्रेक तुटलेला नसतो, पण धरत नाही.

आम्ही अर्धा तास थांबलो. ड्रम निवला. मग इंजिन चालू ठेवून दुसऱ्या गिअरात हळू हळू पोफळीला उतरलो. ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पुढचा आणि मागचा दोन्ही मिळून. खरे सांगतो, पुढचा ब्रेक वैरी नाही. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवायचे जास्त काम तोच करतो. मात्र वळणात, खडीवर किंवा शेवाळावर तो एकदम आवळू नये. गाडी सरळ असताना हळू हळू धरावा.

चिपळूणच्या मिस्त्रीने चाक उघडले. लायनर झिजून कागदासारखे झाले होते, आणि जे उरले होते ते काचेसारखे चकचकीत. मिस्त्री म्हणाला, "काका, नट बघा. शेवटपर्यंत आवळलाय." खरे होते. ब्रेक सैल वाटला की मी मागचा नट आवळत असे. दर महिन्याला थोडा. आदल्या रात्रीही दोन फेरे आवळला होता. आवळायला जागा संपली, तरी आत काय संपले हे मी पाहिले नाही. इतका आवळल्यामुळे ब्रेक न दाबताही लायनर ड्रमला घासत होते. म्हणजे घाटाला लागायच्या आधीच ड्रम तापत आला होता.

मिस्त्रीने मग आणखी एक गोष्ट दाखवली. ड्रमच्या बाहेर ब्रेकचा छोटा दांडा असतो. बहुतेक गाड्यांत त्याच्यापाशी एक बाण असतो आणि शेजारी एक खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला, तर लायनर संपले असे समजायचे. तीस वर्षे ती खूण माझ्या पायापाशी होती! ती पाहायला अक्षर यावे लागत नाही. पण गाडीबरोबर जे पुस्तक मिळते त्यात ते लिहिलेले असते, आणि ते पुस्तक मी पिशवीतून कधी काढलेच नव्हते. तुम्ही आता वाचू लागला आहात. घरी गाडी असेल तर ते पुस्तक शोधून काढा. मराठीत नसेल तर पोराकडून वाचून घ्या.

त्या रात्री बारसे आटोपल्यावर आम्ही अंगणात बसलो. व्याह्यांकडचे दोघे गाडीवाले आले. गाडीवाले जमले की काय होते, तुम्हाला माहीत आहे. प्रत्येकाची गाडी सगळ्यात भारी! पण त्या रात्री माझी गोष्ट ऐकून बढाई कोणी मारली नाही. जो तो आपली चूक सांगू लागला.

तात्यांची गोष्ट मजेची, पण महाग पडलेली. तात्यांकडे आधी राजदूत होती. ती टू स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. पंपावर पेट्रोल घेतले की तेलही घ्यायचे, ही तात्यांची सवय. पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. ती फोर स्ट्रोक. मग तशा गाड्या घरोघर झाल्या. तात्यांनीही घेतली. पंपावर कळले की हिच्या पेट्रोलमध्ये तेल टाकायचे नाही. तात्या खूष! त्यांनी समजून घेतले की हिला तेलच लागत नाही. पण फोर स्ट्रोक गाडीचे तेल इंजिनच्या पोटात वेगळे असते. शंभर सीसीच्या गाडीत ते साधारण एक लिटर. ते काळे पडते, कमी होते, ठरलेल्या किलोमीटरला बदलावे लागते. तात्यांनी ते दोन वर्षे पाहिले नाही. एक दिवस उंब्रजच्या अलीकडे इंजिन जाम झाले. तात्या म्हणाले, "रेडकू इकून इंजिन बांधलं." सगळे हसले. तात्याही हसले. पण त्या घरात रेडकू विकणे ही हसायची गोष्ट नव्हती, हे मला ठाऊक आहे.

व्याह्यांकडच्या एकाला डाव्या हाताला एक बोट कमी आहे. मी ते आधी पाहिले होते, पण विचारले नव्हते. तो आपणहून बोलला. चेनला तेल देताना त्याने गाडी डबल स्टँडवर लावली, चालू केली, गिअरात टाकली. चाक फिरते, चेन फिरते, तेल लवकर लागते. फडके चेनीत अडकले आणि फडक्याबरोबर बोट गेले. म्हणून माझे ऐका. चेन साफ करताना, तेल देताना इंजिन बंद आणि चावी खिशात. चाक हातानेच फिरवायचे. जळके काळे तेल चेनीला लावू नका, त्यात कचरा असतो. चेनीचे किंवा गिअरचे चांगले तेल थोडेसे पुरते. चेन मधोमध बोटाने वरखाली करून पाहा. साधारण दीड बोट हलावी. बरोबर माप पुस्तकात असते. फार सैल असली तर उतरते आणि चाक अडकवते. फार ताणली तर तीही झिजते आणि चक्रीचे दातेही खाते.

पुतण्याचे टायर गुळगुळीत झाले होते. त्याला मी काय बोललो ते इथे सांगत नाही. परत निघायच्या आधी टायर बदलला.

हेल्मेटबद्दल थोडेच सांगतो. चालवणाऱ्याने घालावे आणि मागे बसणाऱ्यानेही घालावे, असा कायदा आहे. गाडीवर दोनच माणसे, हाही कायदा आहे. पण मी पोलिसासाठी सांगत नाही. त्या दिवशी कारभारणीच्या डोक्यावर काही नव्हते. तिने ते नंतर एकदाच बोलून दाखवले. "तुमच्या डोस्क्याला टोपडं, आन माझं काय नारळ हाय?" चिपळुणात तिला हेल्मेट घेतले. घेताना आयएसआयचा शिक्का पाहा आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी उडून जाते. आणि बायांनो, पदर आणि ओढणी पोटाशी खोचून बसा. साडीगार्ड काढून टाकू देऊ नका. पोरे म्हणतात, त्याने गाडीची शोभा जाते. जाऊ द्या.

आता उठा, गाडीजवळ चला. आधी मागचे चाक हाताने फिरवून बघा. मोकळे फिरले पाहिजे. नट आवळल्यावर दर वेळी असे बघायचे. आता मी ब्रेक दाबतो. बाण कुठे आला, कोण सांगेल? हा, खुणेपासून लांब आहे. नवे लायनर आहेत.

चेनीच्या कव्हरवर ही चिठ्ठी चिकटवली आहे. पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये हवा किती, ते इथे लिहिले आहे. एकटा असला तर किती, दोघे असले तर किती. तुमच्या गाडीवरचे आकडे वेगळे असतील. हवा टायर थंड असताना भरायची.

आणि टायरच्या बाजूला हे बारीक चार आकडे बघा. ते टायर कधी बनला ते सांगतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार जुना टायर नवा म्हणून देत असेल, तर हे चार आकडे वाचून दाखवा.

माझ्या मागच्या टायरवर कोणते आकडे आहेत? मी सांगणार नाही. कोण वाचणार? या मावशी, तुम्ही या. अहो, आकडे तर तुम्हाला केव्हाच येऊ लागले. खाली बसा. गुरुजी, बॅटरी जरा इकडे धरा.