अंत्यकार्याची पूर्वतरतूद
(मठाच्या वर्धापन-महोत्सवातील भाषण)



मुलाच्या मुंजीसाठी व मुलीच्या लग्नासाठी गृहस्थ वर्षानुवर्षे पैसा साठवितो. परंतु अंत्येष्टी या शेवटच्या संस्काराचे नाव घरात काढणेही अशुभ मानले जाते. परिणाम असा होतो की, ज्या दिवशी घराचे छत्र हरपते, त्याच दिवशी पत्नीला किंवा मुलाला सरणाची लाकडे, शववाहिका व पुढील क्रियाकर्म यांसाठी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागतो. पितृऋण फेडावयाचे ते सावकाराचे ऋण काढून, ही विपरीत गोष्ट होय.

वास्तविक शास्त्राने हा खर्च वाढविलेला नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाचे वेळी देवकार्यास दोन व पितृकार्यास तीन ब्राह्मण सांगितले असून, संपन्न मनुष्यानेही विस्ताराच्या मागे लागू नये, असे बजावले आहे. खर्च वाढतो तो तेराव्याच्या पंगतींनी व लोकलज्जेने. १९५६ साली निर्वाण पावलेल्या गाडगेमहाराजांनी कर्ज काढून सण-समारंभ करण्याविरुद्ध गावोगाव कीर्तने केली. राजस्थानात तर १९६० साली मृत्युभोजाला प्रतिबंध करणारा कायदाच झाला.

म्हणून कर्त्या माणसाने आपल्या अंत्यकार्याची मर्यादा स्वतःच्या हाताने लिहून ठेवावी. मुलाने खर्चाला आळा घातला तर लोक त्याला कृपण म्हणतात; तीच वडिलांची लेखी आज्ञा असली, तर कोणास बोट दाखविता येत नाही.

दुसरी गोष्ट रकमेची. ती वेळेवर हाती आली पाहिजे. एकट्याच्या नावावरील बँकखात्यातील पैसा मृत्यूचा दाखला व इतर कागदपत्रे दिल्यावाचून वारसांना मिळत नाही. नामनिर्देशन केलेले असले, तरी तो त्याच दिवशी हाती पडत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, याच्या ३२० व्या कलमाप्रमाणे वाजवी अंत्यविधीचा खर्च मृताच्या इतर सर्व कर्जांच्या आधी भागवावयाचा असतो. परंतु स्मशानात द्यावयाचे पैसे त्या कलमाने उभे राहत नाहीत. यास्तव ही रक्कम पत्नी किंवा विश्वासू अपत्यासह, दोघांपैकी कोणालाही अथवा मागे राहणाऱ्याला काढता येईल अशा संयुक्त खात्यात वेगळी ठेवावी, थोडी रोकड घरात असावी, आणि हे सर्व कोठे आहे ते निदान दोघांना ठाऊक असावे.

अशी तरतूद करणे म्हणजे मरणाला बोलावणे नव्हे. मागे राहणाऱ्यांना त्या दिवशी शोक करण्यापुरती तरी सवड मिळावी, एवढाच तिचा हेतू आहे. ही सुबुद्धी प्रत्येक गृहस्थास होवो, अशी श्रीगुरुचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥