अंगठ्याचे ठसे

संमेलनाध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावच्या ग्रंथालयांचे कार्यकर्ते, आणि रात्रपाळी उरकून, घरी न जाता थेट मंडपात येऊन बसलेल्या वाचकहो,

सालवडच्या वतीने आपलं मनापासून स्वागत.

बोईसर स्टेशनवरून रिक्षाने येताना वाटेत कारखान्यांची फाटकं लागली असतील, नाकाला रसायनांचा वास आला असेल, आणि इथे कसलं वाचक संमेलन, असंही मनात आलं असेल. शंका रास्त आहे. आमच्या गावाचं नाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असतं ते तारापूर एमआयडीसीच्या पत्त्यातला एक शब्द म्हणून. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं तेही इथून जवळच. पण लिहिणं-वाचणं या मुलखाला नवं नाही. शेजारच्या चिंचणीत 1955 साली ताम्रपट सापडले. त्यातल्या शके 848च्या, म्हणजे हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1924 साली छापलेली 'महिकावतीची बखर' तर या उत्तर कोकणाचीच. आपल्या आडनावाचा शोध घेण्यासाठी ती चाळणारे इथे बरेच आहेत. तेवढ्यापुरतं का होईना, पुस्तक उघडलं जातं!

संमेलनाची वर्गणी मागायला फिरत होतो तेव्हा एका घरी प्रश्न आला, "वाचून फायदा काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला नाक मुरडायची आपल्याकडे रीत आहे. मी मुरडणार नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांची पोरं कंत्राटी पाळ्यांत राबतात, त्यांनी फायदा नाही विचारायचा तर कोणी?

उत्तर याच जिल्ह्यात आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' 1970 साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्यात आपल्या डहाणू-तलासरीचे वारली आहेत. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने जमीनदाराच्या दारात जन्म काढायचा, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. किती घेतलं, किती फिटलं, सगळं सावकाराच्या वहीत. वहीत काय लिहिलंय ते अंगठा उठवणाऱ्याला कळायचं कारणच नव्हतं. 1945च्या मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि रोजाला बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून उठले. ते लढले ते एकीच्या बळावर, अक्षर येत नसताना. पण त्यांची गोष्ट आज आपल्या हातात आहे ती कोणीतरी लिहून ठेवली म्हणून. तेव्हा फायदा हवा असेल तर पहिला हा घ्या: सही करण्याआधी कागद वाचता येतो.

त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं. पुढे 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी ती कुरणात गेली. महागडी साधनं कुठली परवडायला? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, जे हाताशी ते साधन. अंगणवाडी हा शब्द आज सगळ्या देशात चालतो. तो आपल्या किनाऱ्यावरून गेला, याचा अभिमान मी जरा मोठ्या आवाजात सांगतो.

आता सुखाचं. फायद्याच्या नादात तेच राहून जातं. आपल्या अभ्यासिकांत पोरं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं वाचतात, जरूर वाचावीत. पण उगाच, कशासाठीही नाही, असं वाचायची चैन आपल्या घरांना परवडलेलीच नाही.

मला ती चोरून मिळाली. एका कारखान्यात मी बॉयलरवर होतो. रात्रपाळीत दर अर्ध्या तासाने आकडे टिपायचे. मधल्या वेळात झोप लागू नये म्हणून कोणी तंबाखू मळायचं, मी लॉगबुकात पुस्तक ठेवून वाचायचो. एका जुलैत 'बनगरवाडी' हातात होती. बाहेर पत्रे फुटतील असा पाऊस, अंगावर बॉयलरची धग, आणि माडगूळकरांच्या माणदेशात दुष्काळ पडत चाललेला. लोक गाव सोडून निघाले होते, मास्तर एकटा पडत होता. समुद्राकाठी जन्मलेला मी, मला उजाड माळ काय ठाऊक? पण त्या रात्री घशाला कोरड पडली. आकडे टिपायचे राहिले. साहेबांनी पकडलं, मेमो दिला, पुस्तक जप्त केलं. पंधरा दिवसांनी न बोलता परत केलं. उघडून पाहिलं, तर पानापानाच्या कोपऱ्यावर तेलकट अंगठ्याचे ठसे. पहिल्या पानापासून थेट शेवटच्या पानापर्यंत. ती प्रत आज ग्रंथदालनात काचेखाली ठेवली आहे. बघून या.

व्यवस्थेत उणीव राहिली असेल तर ती माझी. दुपारी तांदळाची भाकरी आणि वाडवळी उकडहंडी आहे. हांडी निवायच्या आत पंगतीला या. मंडपामागे पिंपात प्यायचं पाणी आहे. डहाणू लोकलची वेळ पाहून शेवटचं सत्र आखलं आहे.

आणि एक खासगी निवेदन. माझ्याकडचं 'जेव्हा माणूस जागा होतो' दोन वर्षांपूर्वी "चार दिवसांत देतो" म्हणून नेणारे गृहस्थ डाव्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसले आहेत. नाव घेत नाही. जेवणानंतर ते मला भेटतीलच.

उद्घाटकांना विनंती, त्यांनी समई प्रज्वलित करावी.